अंगठ्यासकट पंजा

बाबा, उद्या सकाळी मले धानोऱ्याला जायचं आहे, पोरीला आणायला. आठवा लागला तिला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत, आणि तिथली डॉक्टरीण म्हणाली की न्यायचं तर याच आठवड्यात न्या, मग गाडीत बसवू नका. भाड्याची गाडी नको, मीच आणते, असं मीच जावयाला ठणकावून सांगितलं आणि आता सकाळपासून तीनदा अंगणात जाऊन चाकं पाहून आले. शेजारीण म्हणे, "काय झालं मॅडम, गाडीखाली मांजर बसली काय?" मी हो म्हटलं. काय सांगू तिला?

गोष्ट चाकांचीच आहे. तुमचा नातू, जो तुमच्या दुकानात ट्यूबच्या टबात हात बुडवून बसायचा, तो आता पुण्यात नोकरीला आहे. पहिल्या पगारात त्यानं माझ्या गाडीला चकचकीत अलॉय बसवून दिले. कंपनीचं चाक चौदा इंची, यानं घातलं सोळा इंची. मी विचारलं, "चाक मोठं झालं तर गाडीचा काटा खोटा स्पीड दाखवणार नाई काय?" तर हसला. म्हणे, "आई, बाहेरचा घेर तेवढाच ठेवला आहे. लोखंड वाढलं, रबर कमी केलं." बरोबरच होतं त्याचं. गाडी दिसायला नवरीसारखी झाली. मी शिकवते त्या शाळेतल्या बायांनी पेढे मागितले आणि मीही मिरवून घेतलं, खोटं कशाला बोलू? पण त्या दिवशीच कोणी पाहत नसताना मी खाली वाकले आणि चाकाचं लोखंड अन् जमीन यांच्या मधात पंजा घालून पाहिला. एकावर एक चार बोटं मावली. अंगठा बाहेर राहिला.

सावली गावातल्या टायरच्या दुकानात तुमचं माप हेच होतं. पंजा अंगठ्यासकट मावला तर टायर आपल्या रस्त्याचा, नाही तर शहराचा. गिऱ्हाईक उतरलं की तुम्ही साइज विचारायचे नाहीत, "कुठी चालवता?" एवढंच विचारायचे. मी कॉलेजात होते तेव्हा एक नवरदेव जीप घेऊन आला होता, त्याला वरातीसाठी रुंद अन् पातळ टायर हवे होते. मी तुमचा डबा घेऊन आले होते, म्हणून सगळं ऐकलं. तुम्ही म्हणाले, "लग्नाले चार दिवस बाकी हायेत न? मंग पाचव्या दिवशी कोणत्या रस्त्यानं जाशीन?" तो चिडून निघून गेला. मले भारी राग आला. मी म्हटलं, "बाबा, आलेलं गिऱ्हाईक वापस काऊन पाठवता? लोक हसतात आपल्याले." तुम्ही हातातला पाना खाली ठेवला. त्या आवाजात तुम्ही माझ्याशी कधी बोलले नव्हते. "हसू दे. गाडी लोखंडावर नाई चालत बाई, हवेवर चालते. खड्ड्याचा मार हवेनं खावा, माणसानं नाई." मग डबा उघडला आणि वांग्याच्या भाजीत मीठ कमी आहे म्हणून माझ्यावरच डाफरले.

मी पहिली गाडी घेतली तेव्हा तुम्ही मले हवा मोजायचं पितळी मीटर दिलं. जाड कागदात गुंडाळलेलं, वरून ट्यूब बांधायच्या दोऱ्याची गाठ. म्हणाले, "पंपावरच्या पोट्ट्यावर भरोसा नको ठेवू." मी ते तसंच डॅशबोर्डच्या खणात टाकलं. आणि पुढल्याच महिन्यात चंद्रपुरातल्या एका दुकानात जाऊन दोन नंबर मोठी, पातळ रबराची चाकं बसवून घेतली. तुम्हाला विचारलं नाही. तुमच्या काळ्या हातांची, त्या टबाची मले तेव्हा लाज वाटायची, बाबा. आज लिहितानाही कान गरम होऊन राह्यले.

मग तो दिवस. तुमच्या छातीत कळ आली आणि आईनं शेजाऱ्याच्या फोनवरून मले बोलावलं. मी गाडी घेऊन आले, तुम्हाला मागच्या सीटवर आडवं केलं, आईला म्हटलं तू घरीच थांब, तासाभरात चंद्रपूरच्या दवाखान्यात पोचतो. मूल गाव मागे पडलं. जंगल सुरू झालं. मी गाडी पळवते आहे आणि आरशात तुमचा चेहरा पाहते आहे, राखेच्या रंगाचा. खड्डा मले दिसला, पण उशिरा. असा आवाज झाला की मी देवाचं नाव घ्यायलाही विसरले. उतरून पाहते तर टायर बाजूनं उभा फाटलेला, लोखंड वाकलेलं. डिक्कीतली स्टेपनी काढली, तर ती बसलेली. तिच्यात हवा आहे की नाही, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

मी रस्त्यावर उभी राहून रडत होते आणि तुम्ही दार उघडून, गाडीला धरून धरून खाली उतरले. मी ओरडले, "बाबा, बसा नं!" तुम्ही ऐकलं नाही. प्यायच्या पाण्याची बाटली शोधायला पुढचा खण उघडला आणि मीटर पाहिलं. गाठ तशीच. खण हळूच बंद केला. मग न फाटलेल्या चाकापाशी बसले आणि पंजा घातला. अंगठा बाहेर राहिला. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "रस्ताच खराब हाय बाई. तुही काही चूक नाई."

आयुष्यभर तुम्ही रस्त्याला शिव्या देणाऱ्या गिऱ्हाइकांना हसत आले होते. "रस्ता तर कालही तसाच होता," असं म्हणायचे. त्या दिवशी माझ्यासाठी तुम्ही स्वतःच दोष रस्त्यावर ढकलला.

पाऊण तासानं एक एसटी थांबली. कंडक्टरनं लोकांना उठवून तुम्हाला जागा करून दिली. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेले. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तरी काही सांगता आलं नसतं. ते वाक्य मी आजपर्यंत पदराला बांधून ठेवलं आहे. आई विचारायची, "एवढा उशीर काऊन झाला गं?" मी सांगायची, रस्ता खराब होता. ती जाईपर्यंत तेच सांगत राहिले.

काल मी सोळाची चाकं उतरवून ठेवली. कंपनीच्या चौदाच्या चाकांवर नवे टायर घातले, पाचवा स्टेपनीलाही. दुकानदार म्हणे, "मॅडम, लोक मोठ्याकडे जाऊन राह्यले, तुम्ही उलट्या काऊन चालल्या?" मी म्हटलं, "धानोऱ्याला चालली." तिकडचे खड्डे त्याला माहीत होते, त्यानं जॅक लावला. पोराला फोन केला तर त्याचा आवाज उतरला. "मी दिलेले काढले काय, आई? काऊन?" रस्ता खराब हाय, हे माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. गिळलं. तुमचं, माझं, त्या दिवसाचं सगळं सांगितलं त्याला. मग म्हणाला, "ताईले सावकाश आण. आणि हवा पाहून घेजो."

हे पत्र कुठं पाठवू? खणात ठेवून देते, जिथं मीटर होतं. त्या गाडीतून या गाडीत आलं ते, पण इतक्या वर्षांत मी एकदाही उघडलं नव्हतं. आज पाचही चाकांची हवा त्यानंच मोजली. बरोबर दाखवतं अजून. फक्त तुमची गाठ मले सोडवता आली नाही, बाबा. दातानं तोडली.