शून्यापासून आईच्या डाव्या हातापर्यंत

प्रिय अक्का,

आधी बातमी ऐक, आईने पुन्हा मूठ दाबायला सुरुवात केली! तुला वाटेल, पुन्हा म्हणजे काय, ती तर रोजच दाबते. नाही गं. मध्ये तिने व्यायाम साफ सोडून दिला होता आणि तुला फोनवर "बरं शे" म्हणत होती. अक्काला तिकडे सुरतेत घोर नको, म्हणून मलाही दटावून ठेवलं होतं.

अर्धांगाच्या झटक्यानंतर आई दवाखान्यातून घरी आल्यावर व्यायामाच्या मॅडमनी ते मुठीत दाबायचं यंत्र दिलं, ते तुला फोनवर सांगितलंच होतं. दाबलं की किती किलो जोर लागला ते दिसतं. रोज चहाआधी आई उजव्या हाताने दाबायची आणि मी आकडा लॅपटॉपमध्ये टाकायची. माझी हौस तुला माहीत आहे! मी कॉलेजात पायथॉन शिकतेय म्हटल्यावर घरात कुणाला तरी त्याचा त्रास व्हायलाच हवा. दर रविवारी त्या आठवड्याचा आलेख छापायचा आणि स्वयंपाकघराच्या दारावर जुना काढून नवा चिकटवायचा, असं माझं चाललं होतं. कौतुकाने, बरं का.

एक दिवस आईने यंत्र कपाटात टाकलं. "दर आठवडाले रेघ खालेच बसेल ऱ्हास. आठवडाभर चढस आनि परत खाले. कसाले दाबू?" मी आकडे वाचून दाखवले, वाढतायत म्हणून घसा कोरडा केला. तर म्हणाली, "आकडा तू सांगस, रेघ मी देखस." आणि तोंड फिरवून बसली. अक्का, मला इतकी भीती वाटली! मॅडमनी बजावलं होतं, आत्ता व्यायाम सोडला तर हात तसाच राहील.

मग आलेख नीट पाहिला आणि कपाळावर हात मारला. आईचं बरोबर होतं! उभ्या पट्टीची हद्द मी संगणकाला सांगितलीच नव्हती. मग तो आपल्या मनाने त्या आठवड्याचा सगळ्यात लहान आकडा तळाला धरायचा आणि मोठा माथ्याला. चारावरून सहावर गेली काय आणि अकरावरून तेरावर गेली काय, चित्र एकच. बिचारी दर रविवारी स्वतःला तळाशी बघत होती.

इलाज एका ओळीचा! सेट वाय-लिम म्हणून एक आज्ञा असते, तिच्यात खालची आणि वरची हद्द ठरवून द्यायची. मग प्रत्येक आठवडा एकाच मापात. खाली शून्य, हे सरळ होतं. वर काय ठेवायचं? मी आईला म्हटलं, एकदा डाव्या हाताने दाब, मग मी गप्प बसते. फुगलेल्या गालांनी तिने दाबलं. बावीस. तेच माथ्याला ठेवलं.

सगळे आठवडे नव्याने छापले आणि दारापासून माठापर्यंत भिंतीवर ओळीने लावले. अगं, रेघ तळापासून निघाली ती चढतच गेली! मध्ये थोडी अडखळली, पण पुन्हा खाली काही बसली नाही. आई पहिल्या कागदापासून बोट फिरवत चालत गेली, शेवटाला थांबली. "म्हनजे हाऊ हात कधी खाले उनाच नही?" मी म्हटलं, एकदाही नाही! तिने स्वतः कपाट उघडलं. मी नाचले, तेव्हा "काय व्हयनं तुले?" म्हणून शिव्याही खाल्ल्या. आता रोज दाबून झालं की वरच्या कोऱ्या जागेकडे बघते आणि म्हणते, "इतलंच बाकी शे."

यंदा आखाजीच्या सणाला येऊ नकोस, गाड्यांना गर्दी असते, असं तिने तुला सांगितलं होतं. तू खूप रडलीस, भाऊजींनी मला सांगितलं. गर्दीचं काही नव्हतं, अक्का. लेकी झोक्यावर बसायला माहेरी येणार आणि आपल्या लेकीने आल्या आल्या हा लुळा हात पाहायचा, एवढंच तिला सोसवत नव्हतं. काल तिने माझ्याकडून पेन मागून घेतलं. फोन लावून देते म्हटलं, तर नको म्हणाली. म्हणून हे कागदावर. सहीखालची ओळ तिची आहे, उजव्या हाताची. अक्षर लावायला वेळ लागेल, पण लाव.

तुझीच लाडकी आणि आगाऊ,
दिपमाला

आखाजीले ये.