पन्नीतले पट्टे

मंगळवार, संध्याकाळ. फुलचूर.

सुट्टीत तरी ड्रिल बघावी लागणार नाही, असं वाटलं होतं. पण मी जहाजावर नोकरीला, म्हणून आज चोरखमारा तलावावर पाहुणा म्हणून नेलं. पुरात माणसं कशी वाचवायची याची तालीम म्हणे. तालीम कसली, फोटो काढायचा कार्यक्रम.

बोटीला हार घातला, नारळ फोडला. सगळ्यांच्या अंगावर नवेकोरे लाइफ जॅकेट, पण पट्टे अजून प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळलेले. म्हणजे एकाचाही पट्टा लावलेला नाही, आणि तसेच सगळे खोल पाण्यात निघालेले. बोट चालवायला माझा चुलतभाऊ रमेश. पुरातही तोच चालवणार. त्याची पन्नी फाडायला गेलो तर म्हणतो, "कायले फाडून राहिला भाऊ? नवे आहेत, मळतीन." तालमीसाठी गोंदियाहून आलेले साहेब शेजारीच होते, त्यांनीही मान डोलावली.

जहाजावर तरी कुठे शहाणे आहेत? मागच्या खेपेला ड्रिल चालू असतानाच लाइफबोट हुकावरून सुटली, माणसांसकट. हूक कोणी तपासलाच नव्हता, ड्रिलच तर आहे म्हणून. पाण्याला ड्रिल कळते का?

साहेबांनी भाषणात तालीम यशस्वी झाल्याचं सांगितलं. जॅकेट पन्नीसकट तलावाजवळच्या खोलीत गेले, कुलूप लागलं, आणि चावी साहेबांच्या गाडीतून गोंदियाला गेली.

रमेशला विचारलं, पूर आला तर?

"फोन करू ना साहेबाले."

जॅकेट मळणार नाहीत, एवढं नक्की.