दहा जीबीचा त्याग

३ जून, सकाळ.
लॅपटॉप भरला. तांबडी पट्टी. बायकोला शनिवारी भाषांतरकाराच्या नोकरीची ऑनलाइन परीक्षा द्यायची आहे; तिचं सॉफ्टवेअर दहा जीबी मागतं. घरात लॅपटॉप एकच. म्हणाली, तुमचं ते जुनं सामान जरा आवरा. तासाभराचं काम. संध्याकाळपर्यंत अपरिग्रह सिद्ध.

४ जून.
मुलाखतींची रेकॉर्डिंग उघडली. उभ्या बातमीदारीत कोण काय बोलून गेलं! एका निवृत्त पाणीपुरवठा अधिकाऱ्याला दोन तास ऐकलं. निम्मा वेळ तो चहाच मागतोय. तरी दस्तऐवज तो दस्तऐवज. ठेवला. जागा होती तेवढीच. दृष्टी मात्र स्वच्छ झाली.

५ जून.
पद्धतशीर निघालो. 'त्याज्य' नावाचा फोल्डर केला. नको ते सगळं त्यात कॉपी केलं. मूळ प्रती तूर्त जागच्या जागी. न जाणो, लागल्या तर. दुपारी जागा आणखी कमी. यंत्राचा हिशेब चुकतो आहे. लेक मागून डोकावून म्हणाली, बाबा, तुम्ही कचऱ्याची झेरॉक्स काढताय. या पिढीला संक्रमणावस्था कळत नाही.

६ जून.
पाठ धरली. सकाळी बायको बराच वेळ लॅपटॉपवर होती. जागेचं विचारलं नाही. विश्वास आहे तिचा.
संध्याकाळी कठोर झालो. आकारानुसार क्रम लावला. सर्वांत वर काहीतरी अगडबंब, नाव अगम्य. माझं नक्की नाही. आसक्तीच नसेल तर त्याग किती सोपा. उडवलं. दहा जीबी मोकळी, हवी तेवढीच. तिला सांगितलं नाही. उद्या बघेलच.

७ जून, सकाळ.
अगम्य ते तिचं परीक्षेचं सॉफ्टवेअर होतं. काल स्वतःची जुनी भाषांतरं, स्कॅन केलेल्या पुस्तकांसकट, पुसून तिने त्याला जागा केली होती. पुन्हा उतरवायला तीन तास, असं यंत्र म्हणतं. पेपर तासाभरावर. मी म्हटलं, हेतू शुद्ध होता. ती फोनवर होती. आधी परीक्षावाल्यांशी, दुपारची वेळ मागून घेतली. मग भावाशी. दादा, तुझं इंटरनेट वेगात चालतं ना, येतेय. चप्पल घातली, गेली.

रात्री.
पेपर बरा गेला म्हणाली. भावाच्या जुन्या लॅपटॉपवर दिला; तो त्याने देऊनच टाकला. तिच्या पिशवीत होता. मी सांगितलं, आपल्या लॅपटॉपवर आता दहा जीबी मोकळी आहे. म्हणाली, असू द्या. तुमच्याच सामानाला लागेल.