शेवटचा फर्मा

४ जून

चि. बारकीस,
ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

प्रथम वस्तुस्थिती क्रमाने मांडते. एक : तुझ्या मनगटांना पुस्तकाचे वजन पेलवत नाही, म्हणून तुझ्या यजमानांनी, शिंपीबुवांनी, ती कादंबरी उसवून तिचे फर्मे सुटे केले. दोन : पडल्यापडल्या एकेक सोळा पानी फर्मा वाचून तू तो मला टपालाने पाठवतेस. तीन : डॉक्टरांनी औषध थांबवल्याचे तू मला तिसऱ्या फर्म्याच्या समासात, तेही पेन्सिलीने कळवलेस. चार : शेवटचा फर्मा हाती पडल्यावरच मी तुझ्याकडे यायचे, ही तुझी अट; आणि मी शब्द देऊन बसले आहे.

आता पुस्तकाविषयी. पुस्तकांच्या दुकानात घडते एवढ्याने प्रेमकथेचे वाङ्मय होत नाही. तो गृहस्थ रोज एक पुस्तक विकत घेतो आणि दुसऱ्या दिवशी छपाईत दोष असल्याचे खोटेच सांगून ते बदलून घ्यायला येतो. अशा माणसाला प्रियकर म्हणत नाहीत, कटकट म्हणतात. दुकानदारीण बाईंना हे इतकी पाने उलटूनही उमगत नाही. तरीही, तो तिची डुगडुगती शिडी खालून धरून उभा राहतो आणि ती वर मुद्दाम वेळ काढते, तिथे मी परीक्षकांच्या खोलीत, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यामागे, मोठ्याने हसले. समोरच्या प्राध्यापकांना ठसका वाटला. त्यांनी पाणी आणून दिले.

पुढचा फर्मा विलंब न लावता धाड. लोभ ठेव, लाड नकोत.

तुझी
ताई

११ जून

ती. ताईस,
बारकीचा शि. सा. न.

तू हसलीस तो मजकूर ह्यांना दोनदा वाचायला लावला. हे विचारत होते, ताई त्या फर्म्यांवर लाल शाईनं चुका काढत असतील का. म्हटलं, काढत नसेल तर ती आमची ताई नव्हेच.

त्याला कटकट म्हण, काही म्हण, पण खोट्या तक्रारी घेऊन का होईना, रोज येतो बिचारा. मला तर त्याच्या छत्रीवरसुद्धा माया जडलीय. वाचताना इतकी रमते की जेवण राहून जातं आणि नर्सबाई डोळे वटारतात.

येण्याचा विषय पुन्हा काढू नकोस. तू आलीस की उशा सारख्या करशील, नर्सबाईंची भाषा सुधारशील, मग माझ्याकडे नीट बघशील आणि बाहेर जाऊन रडशील. पत्रात मी अजून वाचणारी बाई आहे गं. समोर आलीस की नुसती आजारी होईन.

दहावा फर्मा सोबत आहे. राग कमी, लोभ जास्त, असं चालू दे.

तुझी
बारकी

२४ जून

चि. बारकीस आशीर्वाद.

दहावा फर्मा वाचून झाला. दुकान विकायला निघाले आहे, तो मात्र अजून फाटक्या पानांच्या गोष्टी सांगत बसला आहे. इतका मूर्ख माणूस मी कित्येक वर्षांत इतक्या आवडीने वाचला नव्हता.

आजच्या टपालातही काही नाही. दुसरी प्रत विकत घेणे मला सहज शक्य आहे. घेणार नाही. तुझ्या हातून आलेलेच वाचीन. उशीर का होतो, ते कळव.

ताई

१ जुलै

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

शिंप्याचं अक्षर आहे, सांभाळून घ्यावं. हिच्या हातात आता कागद ठरत नाही, पेनही नाही. दिवसाचा बराच वेळ झोपेतच जातो. जाग असली की मी वाचून दाखवतो. तुमचं पत्र वाचलं तेव्हा हसली. डॉक्टर हल्ली नुसते माझ्या खांद्यावर हात ठेवतात आणि जातात.

एक गोष्ट लपवली होती, ती सांगतो. पुस्तक उसवलं त्याच दिवशी आम्हाला दिसलं, या प्रतीत शेवटचा फर्मा नाहीच. बांधणाऱ्यानं त्याच्या आधीचा, अकरावाच, दुसऱ्यांदा शिवलाय. मी म्हटलं, बदलून आणतो. तर ही म्हणाली, मुळीच नको. मग तिनं तुम्हाला ती अट घातली. अट पुरी व्हायला तिला नकोच होती. ताईनं मला अशी बघू नये, एवढंच तिचं म्हणणं.

ते दोन्ही फर्मे सोबत धाडतोय. माझ्यावर रागावू नये.

आपला,
बारकीचा नवरा

५ जुलै

चि. बारकीस,
ताईचे आशीर्वाद.

दोन्ही फर्मे शेजारी ठेवून ताडून पाहिले. दोन्हींत ती शिडीवर आहे, तो शिडी धरून खाली उभा आहे, आणि पुढचे पान नाही.

तू मला फसवलेस. बेत निर्दोष होता, हेही नोंदवते. त्या दोघांचे पुढे काय होते ते मला ठाऊक आहे; असल्या पुस्तकांत ते पहिल्याच पानावर कळते. तुझे काय होणार, तेही मला ठाऊक आहे. त्याविषयी मी लिहिणार नाही.

आता माझी तक्रार ऐक. मला मिळालेली प्रत सदोष आहे. ही तक्रार खरी आहे, त्या गृहस्थासारखी बनावट नाही. ती घेऊन मला स्वतः यायचे आहे, आणि रोज यायचे आहे. उशांना हात लावणार नाही. नर्सबाईंनी हवी तशी भाषा बोलावी. बाहेर जाऊन रडणार नाही. रडायचेच झाले तर तुझ्याजवळ बसून रडेन.

दिलेला शब्द मोडण्याची मला सवय नाही, म्हणून परवानगी मागते. तुझ्या हातात पेन ठरत नाही, हे मला कळले आहे. शिंपीबुवांना तुझा हात धरू दे. एक रेघ पुरे. वाकडी आली तरी मी तपासणार नाही.

तोंडी निरोप चालणार नाही. उत्तर लेखी हवे.

तुझी
ताई