वरची ओळ ताईची

३ मार्च, मंगळवार
आजपासून संगीतरचनेचा क्लास. पहिला विषय पोत, म्हणजे टेक्श्चर. बत्तीस वर्षं कापडाच्या दुकानात काढली. पोत मला कुणी शिकवायला नको. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, हे वेगळं. एका वेळी किती सुरावटी चालल्या आहेत आणि त्यांचं एकमेकींशी कसं जमतं, तो पोत. साथ नाही, नुसती एक सुरावट, ती मोनोफोनी. सोपं आहे.
संकल्प : आमच्या गायनमंडळाच्या जूनमधल्या कार्यक्रमासाठी चार आवाजांची रचना करणे. वरची ओळ ताईची. थोरली बहीण म्हणून नव्हे, सव्वीस वर्षं मंडळात गातेय म्हणून. घरात आम्ही दोघंच. सध्या तिला जरा धाप लागते. हवा बदलली की जाईल.

१० मार्च
ताईबरोबर डॉक्टरांकडे. फुप्फुसांबद्दल बरंच बोलले. मी त्यांच्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक मोजत होतो. मिनिटाला बरोबर साठ. रचनेला हीच लय ठेवायची. येताना ताई रिक्षात डोळे मिटून बसली. दमली असणार.

१७ मार्च
होमोफोनी. एकाची मुख्य चाल, बाकीचे मागून साथीला. ताईची चाल लिहिली. सोळा मात्रा, एका श्वासात. लिहून झाल्यावर माझं मलाच भरून आलं.
ताईने दहाव्या मात्रेला श्वास घेतला. तिला सांगितलं, रियाज कमी पडतोय. ती म्हणाली, तेच असेल रे धाकट्या.

२ एप्रिल
चाल आठ मात्रांवर आणली. धापेचा संबंध नाही. रचनेच्या दृष्टीने सोळा लांबटच होत्या.
खालच्या औषधांच्या दुकानातली बाई गोळ्या वर आणून देऊन गेली. मंडळात ताईच्या शेजारी उभी राहते ती. जिना चढून आली तरी जराही दम लागला नव्हता. उगाच राग आला.

१४ एप्रिल
हेटेरोफोनी. सगळे एकच चाल गातात, पण जो तो आपल्या पद्धतीने, थोडं मागेपुढे. घरी करून पाहिलं. ताई माझ्या दोन मात्रा मागे. तिला म्हटलं, मला असंच हवं होतं. ती हसली आणि खोकला सुरू झाला. बराच वेळ चालला. क्लासचं बाकीचं लिहायचं राहिलं.

५ मे
घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. अखंड गुणगुणतं, तेही बेसूर. बसवायला आलेल्या माणसाला विचारलं, याची पट्टी बदलता येते का. तो ताईकडे बघत राहिला. ताईने त्याला खुणेनेच सांगितलं, मनावर घेऊ नका.

१९ मे
पॉलिफोनी. प्रत्येक आवाजाला स्वतःची चाल, कुणीच कुणाच्या मागे नाही. बाईंनी माझी रचना वाचली. म्हणाल्या, तुमच्या खालच्या तिघांना कामच नाही, सगळे वरच्या आवाजाची वाट बघत उभे आहेत. आणि तो आलाच नाही तर? मी म्हटलं, येईल. मग त्यांनी ताईची चौकशी केली. एकदम फर्स्ट क्लास, असं सांगितलं. छत्री क्लासातच विसरलो. आणायला परत गेलो नाही.

२८ मे
ताईला आता एकच सूर ठेवला. चार मात्रा धरायचा. खरं तर सगळी रचना त्यावरच उभी आहे. तिने दोन धरल्या. मग वही मागितली. खोडलेली पानं एकेक करून उलटत पार मागे गेली, सोळा मात्रांपर्यंत.
म्हणाली, “ही चांगली आहे. औषधवालीला दे.”
तिच्या गळ्याला ती चाल शोभणार नाही, वगैरे बरंच सांगितलं. ताईने मास्क बाजूला केला.
“धाकट्या, मला ती ऐकायची आहे. गायची नाही.”

१ जून
चाल आज द्यायची होती. पण कागदावर खाडाखोड फार. स्वच्छ प्रत काढून देईन. घाई करून कसं चालेल?

९ जून
दिली. तिने काउंटरवरच हलक्या आवाजात गाऊन पाहिली, गिऱ्हाईक थांबवून. शनिवारी दुकान बंद करून घरी येते, ताईंना ऐकवते, म्हणाली. ताईला सांगितलं. तिने बोटांवर दिवस मोजले. चार.

२८ जून
ताई शुक्रवारी सकाळी गेली. बारा तारखेला.
एक तारखेचा तो कागद स्वच्छच होता.
काल कार्यक्रम झाला. औषधवाली गायली. सोळाच्या सोळा मात्रा, एका श्वासात. फार छान गायली. त्यानंतर सगळ्यांत खालच्या आवाजाने उचलायचं होतं. त्या आवाजात तिघं, त्यातला एक मी. मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. एकदाही नाही, शेवटपर्यंत नाही.
बाकीच्या दोघांनी सांभाळून घेतलं. कार्यक्रम संपल्यावर क्लासच्या बाई भेटल्या. म्हणाल्या, पोत आता जमला, खालचा आवाजही मोकळा लागला. मी आभार मानले आणि घरी आलो.