वरून काही घातलेलं नाही

२४ एप्रिल
लेक शीरा आज इस्राएलला, अश्दोदला परत गेली. जाताना होणाऱ्या व्याह्यांनी, एलियासभाईंनी, पाठवलेली बाटली माझ्या हातात ठेवली. स्पेनची पांढरी वाइन. जिथे शेरी होते तिथलीच, पण ही शेरी नव्हे. शेरीत वरून दारू घालतात, हिच्यात घातलेली नाही. गोडही नाही. डिसेंबरात साखरपुड्याला ते रोह्याला येतील, तेव्हा आम्ही दोघांनी मिळून उघडायची.
संध्याकाळी व्हिडिओ कॉल. एलियासभाई मूळ अलिबागकडचे, लहानपणी इस्राएलला गेले, पण बोली तिथलीच राहिली. अश्दोदला त्यांचं वाइनचं दुकान आहे. म्हणाले, हिची गंमत एवढीच, वरून काय पण घातलेलं नाय. माणसं पण अशीच बरी. मी म्हटलं, अगदी माझ्या मनातलं बोललात. मग ओघात सांगितलं की मी कंपनीत प्लँट मॅनेजर होतो आणि पेणला आपली द्राक्षबाग आहे.
मी बॉयलर ऑपरेटर होतो. पण मॅनेजर रजेवर गेला की प्लँटकडे लक्ष माझंच असायचं. पेणला आपला पाऊण गुंठा आहे, त्यावर मांडव आहे, मांडवावर वेल आहे. तोंडलीचा. डिसेंबरपर्यंत द्राक्षाचा लावता येईल.
संकल्प : बाटलीला हात लावायचा नाही.

२ मे
नेटवर वाचलं, वाइन चौदा डिग्रीला ठेवावी. रोह्यात मे महिन्यात चौदा डिग्री फक्त साराच्या फ्रिजमध्ये. बायकोशी वाटाघाटी करून पापलेटच्या डब्यामागे जागा मिळवली. सारा म्हणाली, ही बाटली पावसाळा बघायची नाय. नवऱ्यावर एवढा अविश्वास बरा नव्हे.

९ मे
दुपारभर लाइट नव्हती. बाटली कोमट. वाइन बिघडली असेल तर? व्याह्यांसमोर आंबलेली बाटली उघडायची? शेजारच्या हैबतरावांचा सल्ला घेतला. त्यांची भातशेती आणि वाल, पण अनुभव सर्व क्षेत्रांतला. म्हणाले, नारळ हलवून कळतो, बाटली नाय कळत. तपासणी करणं माझं कर्तव्यच आहे.

१० मे
शनिवार. आम्हा बेने इस्राएलांचा शब्बाथ. आज काम वर्ज्य, आणि बूच काढणं हे काम आहे. दिवसभर संयम पाळला.
आकाशात तीन चांदण्या दिसल्या, शब्बाथ संपला. उघडली. दोन घोट तपासणीला. दोन घोट पहिल्या दोन घोटांची खात्री करायला. हैबतराव साक्षीदार, म्हणून त्यांनाही. म्हणाले, खारट हाय, धरमतर खाडीच्या वाऱ्यासारखं. नेटवरही खारटच लिहिलंय. निष्कर्ष : वाइन उत्तम. बाटली अर्धी.

११ मे
उघडलेली बाटली तीन-चार दिवसांत संपवावी असं नेटवर आहे. हे त्यांनी वरच्या बाजूला लिहायला हवं होतं.

१३ मे
उपाय सापडला. वाइनची शत्रू हवा. बाटली गळ्यापर्यंत भरलेली असली की हवा शिरणार कुठून? साराने शुक्रवारच्या किद्दुशसाठी, शब्बाथच्या पेल्यावरच्या आशीर्वादासाठी, काळ्या मनुका भिजवून सरबत केलं होतं. त्यातलं थोडं ओतलं. शेवटी मनुका म्हणजे द्राक्षच. तेव्हा वरून काही घातलं असं म्हणता येणार नाही.

१४ मे
रंग चहासारखा झाला. पांढरी वाइन पांढरी दिसली पाहिजे. थोडी पिऊन जागा केली, पाणी घातलं.
चव गोड. अर्धं लिंबू.
आता खारटपणा कमी. चिमूटभर मीठ. मीठ पेणच्या मिठागरातलं, त्यामुळे दर्जाबद्दल शंका नाही.
संकल्प : आता खरोखरच हात लावायचा नाही.

१५ जून
एलियासभाईंचा फोन. बाटली कशी हाय? म्हटलं, झोपलीय. म्हणाले, झोपू द्या. बागेचं विचारलं. म्हटलं, वेल जोरात आहे. हे शंभर टक्के खरं आहे.

३ जुलै
दुपारी फ्रिजमध्ये मोठा आवाज. साराला वाटलं, काहीतरी फुटलं. बूच पापलेटात सापडलं. बाटलीत फेस. हैबतराव म्हणाले, गप करायला ब्रँडी घाला. त्यांच्याकडे औषधापुरती होती. घातली.
नेटवर पाहिलं तर शेरीवाले नेमकं हेच करतात. म्हणजे मी केलं ते त्या गावची जुनी परंपरा. ही एक बाटली परंपरेबाहेर राहिली होती, तिला आत आणली. ब्रँडी औषध असल्यामुळे उरलेली आम्ही टाकून दिली नाही.

१९ ऑगस्ट
नाशिकहून मागवलेली द्राक्षाची चार रोपं पेणला लावली. मांडव बघणाऱ्या बायजाबाईंना म्हटलं, तोंडलीचा वेल काढून टाका. नाय म्हणाल्या, बाजारात त्याची गिऱ्हाइकं बांधलेली हायेत.

११ सप्टेंबर
रोपं पावसात कुजली. तोंडली भरघोस. एलियासभाईंना मांडवाचा फोटो पाठवला, लांबून.

२० डिसेंबर
शीरा आणि एलियासभाई आले. त्यांचा मुलगा, आमचा होणारा जावईसुद्धा. चांगला वाटला, कमी बोलतो. उद्या काय होणार या विचाराने मला जेवण गेलं नाही. एका बाटलीपायी पोरीचं लग्न मोडलं तर मी कुठे तोंड लपवू? सत्य सांगून टाकावं असं वाटलं. पण पाहुणे प्रवासाने दमले होते, त्यांना त्रास नको.

२१ डिसेंबर
साखरपुड्याचा मलिदा, आमचा प्रार्थनेचा विधी, छान झाला. प्रार्थनेला दहा पुरुष हवेत, पेण-अलिबाग धरून बारा जमले. गोड पोहे, खोबरं, फळं. किद्दुश अर्थात साराच्या सरबताचा.
मग बाटली. एलियासभाईंनी ग्लास उजेडात धरला. हुंगला. घोट घेतला. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग ग्लास पूर्ण संपवला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, वरून काय पण घातलेलं नाय, लगेच कळतं.
सुटलो. वाइनचं दुकान टाकलं म्हणून जीभ येतेच असं नाही. खरं तर माझं मिश्रण मूळ वाइनपेक्षा सरस असण्याची शक्यता आहे. कृती लिहून ठेवायला हवी होती.

२२ डिसेंबर
सकाळी चहाला एलियासभाई म्हणाले, चला पेणला, बाग बघू. मी म्हटलं, वडखळला फार ट्रॅफिक असतो. म्हणाले, असू दे. मग साराकडे वळले. वहिनी, येताना तोंडली आणतो, दुपारला भाजी करा.
मी शीराकडे पाहिलं. ती कपबशा उचलत होती. ते अंगणात गेल्यावर म्हणाली, पप्पा, मी त्यांना एप्रिलमध्येच सांगितलंय. बॉयलर, तोंडली, सगळं. बाटलीचं आईने त्यांना फोनवर सांगितलं, बूच उडालं त्याच दिवशी.
मी विचारलं, मग ते आले कसे? म्हणाली, त्यांनी विचारलं होतं, तुझा बाप असं का सांगतो गो? तर मी त्यांना सांगितलं, पप्पांना मी फार मोठी वाटते. ऑपरेटरची मुलगी म्हणून मला कुणी कमी लेखेल अशी त्यांना भीती वाटते.
माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चहात आलं जास्त पडलं होतं असं लिहिणार होतो. आज चहात आलं नव्हतं.
पेणला जाऊन आलो. एलियासभाईंनी मांडवाखाली उभं राहून एक कोवळं तोंडलं कच्चंच खाल्लं, आणि बायजाबाईंशी अर्धा तास गप्पा मारल्या. माझ्याशी वाइनबद्दल एक शब्द काढला नाही.
घरी पिशवी साराच्या हातात दिली. तिने विचारलं, काय घालू भाजीत? खोबरं, दाण्याचं कूट?
म्हटलं, काही नको. नुसती कर.