ढोलाच्या खेळातला शेवटचा सवाल

नाना, तुमचा ढोल मी कॉम्प्युटरात घातला. हसू नका. तुम्ही गेलात तेव्हा मी वाळूजला एका कंपनीत मशीनचे प्रोग्राम लिहीत होते आणि तुम्ही त्याच रस्त्यावर दुसऱ्या कंपनीच्या गेटवर वॉचमन होतात. पोरगी काय काम करते असं कुणी विचारलं की तुम्ही सांगायचात, "बटणं दाबती." खोटं नव्हतं ते. आता ती नोकरी सोडून मी खेळ बनवते, आणि त्यातही लोकांना बटणंच दाबायला लावते. लढाईचा खेळ आहे, पण यातली लढाई आपल्या जत्रेतल्या सवाल-जवाबासारखी पाळीपाळीनं चालते. एकदा समोरच्याची पाळी, एकदा आपली. शिवाय बटण ठेक्यावर दाबलं तरच वार बसतो, ठेका हुकला की पाळी गेली. खेळातली पोर पाठीला ढोल बांधून मेंढरं हाकत गावोगाव फिरते आणि वाटेत जो आडवा येईल त्याच्याशी तिला फड मांडावा लागतो. शहरातली शिकलेली माणसं मला विचारतात, ही कल्पना सुचली कशी? सुचायला काय, मी तर तिच्यातच लहानाची मोठी झाले.

ठेका तुम्ही मला कधी बसून शिकवला नाही. माय चुलीपुढं भाकरी थापायची, मी पिठाच्या रिकाम्या डब्यावर तुमचं ऐकून ऐकून वाजवायची, आणि वाजवता वाजवता सुसाट सुटायची. एकदा तुम्ही बाहेरून आलात, घोंगडी खांद्यावरच होती, आणि डब्यावर हात ठेवून माझं वाजवणं बंद केलंत. "कुठं पळतीस? ठेका पळवायचा नसतो, चारायचा असतो. मेंढरू मान खाली घालून चरतं तसा." मला राग आला होता. माय तव्याकडं बघत म्हणाली, "पोर हाय ती, वाजवू द्या की." तुम्ही म्हणालात, "वाजवू दे, पन समोरच्याला ऐकू जाईल असं." आता मी माझ्या खेळाचा वेग ठरवते तेव्हा हेच एक वाक्य धरून बसते. खेळून बघणारे सांगतात, जरा फास्ट करा ना. मी नाही करत. त्यांना सवय होते, दोन फडांनंतर तेही चरायला लागतात.

फडाचा नियम मात्र मला समजावून सांगावा लागतो, कारण असा नियम दुसऱ्या कुठल्या लढाईत नाही. ओवी गाऊन सवाल टाकला की समोरचा विचार करत असेपर्यंत ढोल सवाल टाकणाऱ्यानंच चालू ठेवायचा. समोरच्याला उत्तर सुचावं म्हणून आपणच घाम गाळायचा. आपला ढोल थांबला तर आपण हरलो. समोरच्यानं आपलं टिपरू, ढोलाची काठी, जमिनीवर ठेवलं तर तो हरला. आणि उत्तर बरोबर आलं तर ढोल थांबवून मान झुकवायची. खेळात हे जसंच्या तसं ठेवलंय मी. शत्रू विचार करतोय आणि आपण त्याच्यासाठी ठेका सांभाळतोय, हे लोकांना आधी वेडेपणाचं वाटतं. मग त्यातच त्यांना गोडी लागते.

आणि ते दुष्काळाचं साल. त्या वर्षी जत्रा भरवायची का नाही यावरून पंचांत भांडणं झाली होती. टँकर आला की बाया हंडे घेऊन धावायच्या, आणि आपण कळप घेऊन गोदावरीच्या अंगाला, गंगापूरकडं सरकलो होतो. तिथल्या एका विहिरीवर कळपाला पाणी पाजायची तुमची रीत मला अजून दिसते. आधी कोकरं, मग दुभत्या मेंढ्या, मग बाकीचा कळप, मग कुत्रं, मग आम्ही पोरं, मग तुम्ही आणि चुलते. जत्रा शेवटी भरलीच. गंगापूरकडचे आबा समोर उभे राहिले, ढोलात तुमच्या तोडीस तोड असा तो एकच माणूस. तुम्ही ओवी लावली आणि सवाल टाकला: कळप आला पाण्यावर, सगळे प्याले, शेवटी कोण पितं? आबा म्हणाले, मेंढका. तुम्ही मान हलवली, ढोल चालूच. आबा म्हणाले, कुत्रं. लोक हसले. मग विहीर म्हणाले, धरणीमाय म्हणाले, काय काय म्हणाले. दिवस कलला तरी तुमचा हात थांबेना आणि आबा टिपरू ठेवेनात. पंचांनीच फड मोडला, पुढल्या जत्रेला बघू म्हणाले. पुढल्या जत्रेपर्यंत आपली मेंढरं विकली गेली होती, चराईच्या माळावर प्लॉटिंगचे दगड लागले होते, आणि तुमच्या अंगावर खाकी शर्ट आला होता. मी कितीदा विचारलं उत्तर काय म्हणून. "फड मिटल्याशिवाय सांगायचं नसतं." बस, एवढंच. आणि एका दुपारी ते उत्तर घेऊन तुम्ही निघून गेलात. खूप चिडले होते मी तुमच्यावर, रडत रडत चिडले होते.

तर खेळातला शेवटचा गडी तुम्ही आहात. फेटा, घोंगडी, सगळं आहे. तुम्ही तोच सवाल टाकता आणि ढोल वाजवत राहता. आवाजाचं काम माझा जुन्या शहरातला मित्र बघतो, मला बाजी, म्हणजे ताई, म्हणतो. त्यानं डोक्याला हात लावला. "बाजी, ये बुढ्ढा तो हारताच नै. पब्लिक कित्ती देर सुनते बैठेंगी? जवाब क्या है, वो तो डालो." मी म्हटलं, माहीत नाही. तो म्हणाला, "तुम्हारेच अब्बा ना?" माझेच. उत्तर नव्हतं तर खेळाला शेवट नव्हता, आणि मनानं रचलेलं काहीतरी तुमच्या तोंडी घालायला माझा जीव होत नव्हता. बाकी सगळा खेळ मी छातीठोकपणे उभा केला होता. ह्या एका जागी मी अडून बसले होते.

म्हणून लॅपटॉप घेऊन जीपनं गंगापूर गाठलं. आबा आता थकलेत. पोरांचा ऊस आहे, आबा ओसरीत बाजेवर असतात. मी कोण ते सांगितल्यावर म्हणाले, "तुझ्या बापानं मला आडकवून ठिवलं आन् आपन मोकळा झाला." मी खेळ समोर मांडला. "डब्यातला ढोल व्हय हा?" म्हणत त्यांनी बटणावर बोट ठेवलं, आणि नाना, माझ्या ओळखीत एवढ्या सहज कुणीच खेळलं नाही. एकेक गडी आडवा करत ते तुमच्यापर्यंत आले. माझ्याच आवाजात तुमची ओवी झाली, सवाल पडला, ढोल सुरू झाला. आबांनी बोट काढून घेतलं. डोळे मिटून ढोल ऐकू लागले. मला वाटलं डोळा लागला.

मग म्हणाले, "बायको."

ढोल चालूच होता.

"म्हातारी गेली माझी. आता हंड्यातलं पानी माझं मीच घेतो. तवा ध्यानात आलं, तिला पानी पिताना म्या कधी बघितलंच नाय. रहाटाला बी तीच, हंड्याला बी तीच. समद्यांचं झाल्यावर कधी पेत आसंल ती, देव जाने." आणि माझ्याकडं बघितलं, फडात सवाल टाकणाऱ्याकडं बघतात तसं. "बरुबर हाय का?"

त्यांचं टिपरू इतकी वर्षं हातातच होतं, नाना. तुमच्या बाजूनं उभं राहायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी त्या विहिरीवरचा दिवस डोळ्यांपुढं आणला. कोकरं दिसली, कुत्रं दिसलं, ओंजळीनं पिणारे तुम्ही दिसलात. मायची फक्त पाठ दिसली, दोर ओढणारी. पिताना ती मलाही दिसली नाही. मी बटण दाबून ढोल थांबवला, मान झुकवली आणि म्हणाले, "बरोबर, आबा." ते भिंतीला टेकले. "मंजी मी हरलो नाय," म्हणाले, आणि वर, "लई खोल मानूस, तुझा बाप."

आता खेळाला तोच शेवट आहे. मित्रानं पहिल्यांदा खेळून बघितला, हेडफोन काढले आणि घरी अम्मीला फोन लावला. खेळ उत्तम झालाय, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. लांबलांबची माणसं तुमच्याशी फड मांडून बसतात. शेवटी आबांचं उत्तर देतात आणि तुम्ही मान झुकवता.

पण खऱ्यातलं तुमचं उत्तर काय होतं, नाना? तुम्ही तेव्हा मायकडं बघितलं होतं का? का तुमच्या मनात दुसरंच काही होतं, एखादं साधं, हुशारीचं, जत्रेत टाळ्या घेणारं? मला माहीत नाही. आबांना मी तुमच्या वतीनं बेधडक हो म्हटलं आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही. माय माझ्याजवळच असते. आमच्या फ्लॅटला आठवड्यातून एकदा नळ येतो, आणि अजूनही ती आधी माझा तांब्या भरून ठेवते. खेळ पूर्ण झाला एवढंच तिला सांगितलंय, शेवट नाही सांगितला. कारण ती एकच गोष्ट विचारील, "खरंच, त्यांनी तसं म्हटलं व्हतं?" आणि तिच्यापुढं मला हो म्हणता येणार नाही.